डावी पोटरी

माझा डावा पाय जन्मतःच आत वळलेला होता. तळवा जमिनीकडं नाही, दुसऱ्या पायाकडं तोंड करून. वडील तेव्हा जेऊरला रेल्वेच्या फाटकावर नोकरीला होते. एवढ्या लहान बाळाच्या पायाला प्लास्टर घालणारं तिथं कुणी नव्हतं, म्हणून आई मला घेऊन दर आठवड्याला पॅसेंजरनं सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात यायची. डॉक्टर पाय थोडा थोडा सरळ करत नवीन प्लास्टर घालायचे. पुढं टाचेमागं एक लहानसं ऑपरेशन झालं, मग पट्टी लावलेले बूट आले. शाळेत जायच्या वयात मी नीट चालत होते, पळतही होते. वडिलांची बदली झाली आणि आम्ही सोलापुरातच राहायला आलो.

पाय सरळ झाला, पण पोटरी भरली नाही. गुडघ्याखाली डावा पाय माझ्या दंडाएवढाच राहिला. पाऊलही एका नंबरानं लहान. बुटात मी पुढं कापूस भरायचे. बाकी कुणी मुद्दाम बघितल्याशिवाय काही कळायचं नाही, आणि कुणी बघू नये याची काळजी मी फार लहानपणापासून घ्यायला शिकले होते. शाळेचा स्कर्ट सोडून सलवार आली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

रविवारी सकाळी न्हाण्याआधी आई त्या पायाला तेल लावायची. ती भिंतीला टेकून बसायची, माझा पाय तिच्या मांडीवर. कोमट तिळाचं तेल टाचेपासून वर गुडघ्यापर्यंत चोळत न्यायची आणि शेवटी अंगठा आणि मधलं बोट पोटरीभोवती लावून बघायची, बोटं जुळतात की थोडी फट राहते ते. जुळायचीच. "भरंल हळूहळू," असं म्हणून ती हात पुसायची. मी कॉलेजात गेले, ग्रंथालयशास्त्राचा कोर्स केला, एका कॉलेजच्या लायब्ररीत कायम झाले, वडील गेले, तरी रविवारचं तेल थांबलं नाही. पाय भरणार नाही हे दोघींनाही ठाऊक होतं. मला ते तेल आवडायचं.

लग्नासाठी बघायला बरेचजण आले. एकदा एका मुलाची आत्या मला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "बाळ, ऐकलंय ते खरं हाय का एकदा बघू दे की. लपवून काय उपेग?" मी साडी गुडघ्यापर्यंत वर धरली. तिनं खाली वाकून बघितलं, हातही लावला, आणि "चालताना तर काई कळत न्हाय," असं म्हणून बाहेर जाऊन बसली. त्यांचा निरोप आला नाही. आईनं त्या आठवड्यात दोनदा तेल लावलं. त्यानंतर मी कुणाला घरी येऊ दिलं नाही. वय वाढलं तसं लोकांनीही विचारायचं सोडलं.

पस्तिशी उलटल्यावर लायब्ररीतल्या एका मैत्रिणीचा हात कुकरच्या वाफेनं भाजला. तिच्या सोबतीला म्हणून मी प्लास्टिक सर्जनच्या दवाखान्यात गेले. बाहेर बाकावर बसले असताना समोरच्या बोर्डावर उपचारांची यादी होती. भाजल्याचे व्रण, फाटलेले ओठ, नाकाची सर्जरी, आणि खाली एक ओळ : पोटऱ्यांना आकार देणे. ती ओळ मी तीन-चारदा वाचली. पुढच्या आठवड्यात एकटीच गेले.

डॉक्टर साधारण माझ्याच वयाचे होते. त्यांनी दोन्ही पोटऱ्यांची टेपनं मापं घेतली, मला टाचा उचलून उभं राहायला लावलं आणि मग खुर्चीवर बसून सावकाश सांगितलं. गुडघ्याच्या मागं जी घडी असते तिथं छेद घ्यायचा, तिथून खाली पोटरीच्या जागेत सिलिकॉनचा लांबट तुकडा सरकवायचा. घोटा बारीक आहे तो तसाच राहील, पाऊलही लहानच राहील.

"यानं चालण्यात काही फरक पडणार नाही," ते म्हणाले. "तुमचा पाय उत्तम चालतोय. त्या काळात ज्यांनी हा सरळ केला त्यांनी फार छान काम केलंय. हे फक्त दिसण्यासाठी आहे. एवढं लक्षात घेऊन ठरवा."

"दिसण्यासाठीच हवंय," मी म्हणाले. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं असेन.

आईला सांगायला मी आठ दिवस लावले. जेवताना सांगितलं. ती भाकरी मोडता मोडता थांबली.

"पन पायाला झालंय काय?"

"काही झालं नाही. बारीक आहे तो भरून घ्यायचा."

"चालतीस की तू."

"चालते. मला तो बरा दिसायला हवाय."

तिनं मोडलेली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाली, "तुजा पाय हाय. तुला वाटंल तसं कर." मला वाटलं, झालं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून आले तर तिनं दारातच विचारलं, "आपरेशन कशाचं करायचंय म्हनली तू?" मी परत सांगितलं. तिसऱ्या दिवशी परत. कधी दिवसातून दोनदा. "पायाला झालंय काय?" अगदी त्याच सुरात, जणू आधी काही बोलणं झालंच नाही. मला ते टोमणे वाटायला लागले. तिनं सरळ केलेला पाय मी दुसऱ्याच्या हातात द्यायला निघाले याचा तिला राग आलाय, आणि तो ती असा थेंबाथेंबानं काढतेय, असं मी धरून चालले. त्याच दिवसांत आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं. दूध उतू गेलं तरी ती शेजारी नुसती उभी असायची. मी म्हणायचे, रुसलीय.

एका सकाळी मी डबा भरत असताना तिनं पुन्हा विचारलं आणि माझा तोल गेला.

"किती वेळा सांगू, आई? मुद्दाम करतेस का तू? वाकडा पाय घेऊन मी जन्मले त्यात माझी काय चूक होती?"

तिनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. तिला काहीतरी कळत नव्हतं आणि ते कळत नाही याची भीती होती. आज मला ती नजर ओळखता येते. तेव्हा मी डबा उचलून निघून गेले. शहाणं माणूस, रोज माणसांत वावरणारी मी, पण घरातली भीती मला राग वाटली.

ऑपरेशनच्या दिवशी आई दवाखान्यात आली. आमच्या शेजारच्या अक्का तिच्यासोबत होत्या. अक्कांच्या घरी टॉवेलचे माग, घरात तेलुगू, आमच्याशी त्यांच्या पद्धतीचं मराठी. माझ्या शेजारच्या खाटेवर अक्कलकोटकडची एक बाई होती, ती आणि तिची सून कन्नडमध्ये बोलत होत्या. मला आत नेण्याआधी नर्स कागद तपासायला आली तेव्हा आई तिला म्हणाली, "लेकराला पलिस्तर घालायचंय. गाडी साडेचारला हाय, तवर हुईल न्हवं?"

नर्स हसली. मीही हसले. अक्का मात्र हसल्या नाहीत. त्या आईकडं बघत राहिल्या.

कमरेत इंजेक्शन दिलं, मला पालथं झोपवलं. गुंगीचंही औषध होतं, त्यामुळं फारसं आठवत नाही. मागं कुणीतरी काहीतरी ओढतंय, सरकवतंय एवढंच कळत होतं, आणि तेही दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर चाललंय असं. शुद्ध नीट आली तेव्हा पाय उशांवर होता आणि आई पायथ्याशी बसून पट्टीकडं बघत होती. पहिले चार दिवस दुखणं वाईट होतं. पोटरी आतून ताणून बांधल्यासारखी वाटायची, संडासला जाण्यापुरतं भिंत धरून चालायचं. मग हळूहळू ताण उतरला. घट्ट मोजा घालून राहायचं, खूप वेळ उभं राहायचं नाही, आणि मालिश तर मुळीच करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तीन महिने रविवार तेलाशिवाय गेले. पहिल्या दोन रविवारी आई वाटी घेऊन आली. मी परतवली. नंतर ती आलीच नाही.

मोजा कायमचा सुटला त्या दिवशी मी कपाटाच्या आरशाकडं पाठ करून उभी राहिले आणि मान वळवून बघितलं. दोन्ही पाय सारखे होते. अगदी तंतोतंत नाही, पण कुणी बघितलं तर बघून पुढं जाईल इतपत. मी खोलीत पुढं-मागं चालले, परत बघितलं. रडले थोडी. मी सुखानं रडले, हे लिहून ठेवायला हवं, कारण पुढं जे झालं त्यामुळं ते सुख खोटं होतं असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं.

त्या आठवड्यात मी गुडघ्याखाली जरा संपणारा कुर्ता आणि लेगिंग घालून कामावर गेले. रस्त्यात, बसस्टॉपवर, कॉलेजच्या फाटकात, सगळीकडं लोक बघतील असं वाटत होतं. कुणीच बघितलं नाही. लायब्ररीतला शिपाई म्हणाला, "मॅडम, सुट्टी मानवली बरं का, तब्येत सुधारली." एवढंच. इतकी वर्षं मी जे झाकत होते ते कुणी शोधतच नव्हतं, हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. दिवसभर कसंनुसं होत राहिलं.

रविवारी मीच आईजवळ जाऊन बसले. तेलाची वाटी कोमट करून नेली. "आता चालतं, डॉक्टर म्हणाले. हलक्या हातानं लाव."

तिला बरं वाटलेलं दिसलं. तिनं भिंतीला पाठ टेकली, माझा पाय मांडीवर घेतला. टाचेपासून तेल लावत वर आली. घोट्यापाशी हात ओळखीचा होता. पोटरीवर आला आणि थांबला. तिनं दाबून बघितलं. अंगठा आणि मधलं बोट भोवती लावलं, बोटं जुळली नाहीत. पुन्हा लावलं. मग तिनं माझा पाय हळूच मांडीवरून उचलून खाली ठेवला, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा.

"ह्यो कुनाचा पाय हाय?"

"माझाच आहे की, आई. ऑपरेशन नाही का झालं?"

"न्हाय," ती म्हणाली. "माज्या पोरीचा पाय असा न्हाय." तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पदर सावरून जरा सरकून बसली. "तुमी कुटल्या म्हनायच्या?"

आई मला तुमी म्हणाली.

मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. तासाभरानं तिनं मला हाक मारली, नावानं, चहा टाकू का म्हणून. मला वाटलं, चुकून झालं असेल. पण अक्का संध्याकाळी आल्या आणि दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "मी तुला तवाच सांगनार होते. तू पायाच्या दुखन्यात होती म्हनून गप बसले. तुज्या आईला धा वेळा घर दाखवून आनले मी."

मग मी तिला मेंदूच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी तिला वार विचारला, घरात कोण कोण आहे विचारलं, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. तिनं गोल काढला आणि सगळे आकडे एकाच बाजूला लिहिले. विसरण्याचा आजार आहे, दोन-तीन वर्षं तरी हळूहळू वाढत आला असणार, ते म्हणाले. घरी काही वेगळं जाणवलं नाही का? मी सांगितलं, ती एकच प्रश्न सारखा विचारायची. "मग?" डॉक्टर म्हणाले. मला वाटलं माझ्यावर रागावलीय, हे त्यांना सांगायची लाज वाटली.

पायाचं मी त्यांना विचारलं. पाय बदलला म्हणून ती मला ओळखेनाशी झाली का? ते म्हणाले, "तसं काही नसतं. आज ना उद्या हे होणारच होतं. मनाला लावून घेऊ नका." ते खरं असणार. काही दिवस ती मला ओळखायची, माझ्याकडं बघून पटकन ओळखायची, आणि तेव्हा पायाचा काही संबंध नसायचा. तरी मी घरात पुन्हा पायघोळ गाऊन घालायला लागले. कोण बघणार होतं? पण घालायला लागले.

पुढं ओळखीचे दिवस कमी होत गेले. तिच्या लेखी मी घरात कामाला ठेवलेली, चांगल्या घरातली, बिचारी बाई होते. ती मला ताई म्हणायची. मी जेवले का याची चौकशी करायची. सुरुवातीला मी दर वेळी सांगायचे, आई, मी आहे, तुझी मुलगी. ती घाबरायची, हात झटकायची. मग मी सांगणं सोडलं. मीही तिला अहो-जाहो करायला शिकले. ते पहिल्यांदा तोंडातून निघालं त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले होते.

उन्हाळ्यात एका दुपारी कूलरसमोर बसून आम्ही चटणीसाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. तिचे हात अजून हे काम नीट करायचे. तिनं विचारलं, "ताई, तुमचं लगीन झालंय का?"

"नाही."

"माज्या पोरीचं बी न्हाय. लई गुनाची हाय, पुस्तकाच्या हापिसात असती. पाय जरा बारीक हाय एक." थोडा वेळ ती शेंगा फोडत राहिली. "तुमाला म्हनून सांगते. कुनाला बोलू नगा."

"सांगा की."

"तिला पलिस्तर घालायला आनायची मी हितं. थंडीचं दिस. पलिस्तर वल्लं, पोरगी रडून रडून निळी पडायची. डाक्टर म्हनला अजून लई महिनं लागतील. घरी सासू म्हनायची, पोरगीच हाय, कशाला येवढी येरझार. एक दिस हितल्या टेसनात बाकड्यावर निजवली तिला. अंगावर फडकं घातलं. गाडी लागली आन मी चढले."

"मुलीला घेऊन?" मी विचारलं.

"न्हाय. एकलीच."

शेंगा फोडायचे तिचे हात थांबले नव्हते. माझे थांबले.

"डब्यात बसले बी. खिडकीतनं बाकडं दिसत हुतं. मग उतरले. गाडी हलली न्हवती, ताई. येवढं खरं सांगते, हलली न्हवती. एक बाई तिच्यापाशी येऊन बसली हुती. ती म्हनली, पानी प्यायला गेलतीस का गं? मी म्हनलं, व्हय."

कूलरचा आवाज चालू होता. मी विचारलं, "मुलीला माहीत आहे हे?"

"न्हाय, न्हाय. तिला सांगू नगा. ती लई मनाला लावून घेती."

"नाही सांगणार."

"बगा हं," ती म्हणाली, आणि सोललेले दाणे माझ्या ताटात ओतले.

मी उठून स्वयंपाकघरात गेले, चहा ठेवला. मला राग आला नाही. मी त्या वेळी तिच्या वयाचा हिशेब करत होते. वीस वर्षांची असेल. ओली थंडी, कडेवर प्लास्टरचं वजन, पुढं किती महिने ते ठाऊक नाही. मला तिच्याजवळ जाऊन सांगायचं होतं, आई, काही झालं नाही, तू उतरलीस. पण ती बाहेर ज्या बाईशी बोलली होती ती बाई मी नव्हते. माझ्याशी ती हे कधीच बोलली नसती. चहा घेऊन गेले तेव्हा ती दुसरंच काहीतरी बोलत होती, पाणी कधी येणार वगैरे.

ऑपरेशनला वर्ष झालं तेव्हा तपासणीला गेले. सर्जननी दोन्ही पोटऱ्या पुन्हा मोजल्या, व्रण बघितला, तो आता घडीत मिसळून गेला होता. टाचेकडच्या बाजूला थोडी बधिरता आहे ती राहील कदाचित, म्हणाले. मग विचारलं, "समाधानी आहात ना?"

मी हो म्हणाले. पायाबद्दल विचारलं तर आजही तेच सांगेन.

आई त्यानंतर आठ-नऊ महिने होती. शेवटी छातीत कफ झाला. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. शेवटच्या दिवसांत तिनं मला कुठल्याच नावानं हाक मारली नाही, पण माझा हात धरला की सोडायची नाही. कुणाचा हात म्हणून धरला होता ते मला माहीत नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारातून भंते आले, वंदना झाली, आईबद्दल दोघं-तिघं बोलले. जेवणाच्या वेळी जेऊरहून आलेली मावशी, आईची धाकटी बहीण, माझ्याशेजारी बसली. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पंगतीतल्या बायकांना सांगायला लागली, "हिच्या पायापायी माज्या भैनीनं काय काय सोसलंय. गाडीत, टेसनात, उन्हातान्हात. पन येक मिंट खाली ठिवली न्हाय पोरीला. व्हय का न्हाय गं?"

बायका माझ्याकडं बघत होत्या.

"व्हय," मी म्हणाले, आणि मावशीच्या ताटात आमटी वाढली.